चार घांसांचा पाहुणचार

घरीं चार मंडळी जमली, गप्पा रंगल्या, आणि ज्याच्या घरीं त्या रंगल्या तो मात्र त्या ऐकावयास तेथें नव्हता, असा प्रसंग जगांतील पुष्कळ घरांत नित्य घडतो. घरचें माणूस चुलीपाशीं अडकून पडतें, एकेक पदार्थ गरम करून बाहेर पाठवितें, आणि शेवटच्या पाहुण्याच्या हातीं ताटली पडेपर्यंत पहिल्या पाहुण्याचें खाणें आटोपलेलें असतें. मोठ्या समारंभास आचारी असतात, वाढपी असतात. पण सहज जमलेल्या बैठकींत आचारी, वाढपी आणि यजमान या तिन्ही भूमिका एकाच माणसास वठवाव्या लागतात. अशा वेळीं खावयास काय करावें, हा प्रश्न केवळ चवीचा नाहीं. यजमानानें पाहुण्यांत बसावयाचें कीं नाहीं, याचाही निर्णय त्या प्रश्नाच्या उत्तरांत दडलेला असतो.

अमेरिकेंतील घरांनीं या प्रश्नास जीं उत्तरें शोधलीं, त्यांपैकीं एक फार लोकप्रिय झालें आहे. तें उत्तर म्हणजे छोटा चीजबर्गर. अमेरिकन फुटबॉलच्या हंगामांतील अखेरचा मोठा सामना, ज्यास ‘सुपर बोल’ म्हणतात, तो १९६७ पासून प्रतिवर्षीं होत आला आहे; अलीकडे तो फेब्रुवारी महिन्यांतील एका रविवारीं होतो. त्या दिवशीं तेथील असंख्य घरांत शेजारी आणि आप्तमित्र दूरचित्रवाणीसमोर जमतात. टेबल मांडून जेवावयास कोणी बसत नाहीं. कोणी कोचावर, कोणी जमिनीवर, कोणी उभाच. एका हातांत पेला आणि दुसऱ्या हातांत खाण्याचा पदार्थ, अशी स्थिति असते. या एका हाताच्या मापाचा पदार्थ म्हणून छोट्या बर्गराची योजना होते. वाढदिवसाची मुलांची बैठक असो कीं अंगणांतील उन्हाळी मेजवानी असो, तेथेंही तो हजर असतो.

साधा बर्गर म्हणजे गोल पावाच्या दोन फांकांमध्यें भाजलेल्या खिम्याची चपटी वडी. वडीवर चीजचा पातळ तुकडा ठेविला कीं तो चीजबर्गर झाला. छोट्या बर्गराचा पाव दोन ते अडीच इंचांचा असतो, आणि तीन-चार घांसांत तो संपतो. त्यास तिकडे ‘स्लायडर’ असेंही म्हणतात. घशाखालीं सहज घसरणारा, असा त्या शब्दाचा अर्थ सामान्यतः लावला जातो. आतां कोणास वाटेल कीं, मोठ्या बर्गराचें हें केवळ बाळरूप आहे, खेळण्यांतल्या भातुकलीसारखें. परंतु तसें नाहीं. आकार लहान केला कीं शिजविण्याची रीति बदलते, वेळ बदलतो, आणि यजमानाचें चुलीशीं असलेलें नातेंही बदलतें. हें कसें होतें तें समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें.

विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील सुशिक्षित कुटुंबें खिम्याकडे संशयानें पाहत असत. मांसाचा अखंड तुकडा डोळ्यांस दिसतो. खिमा मात्र कशाचा, किती दिवसांचा, आणि त्यांत काय काय मिसळलेलें आहे, हें पाहून कळत नाहीं. १९०६ सालीं अप्टन सिंक्लेअर यांची ‘द जंगल’ ही कादंबरी पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. शिकागो शहरांतील मांसाच्या कारखान्यांतील घाणीचें जें चित्र तींत आलें, त्यानें सारा देश अस्वस्थ झाला. त्याच वर्षीं जून महिन्याच्या ३० तारखेस मांसाच्या तपासणीचा आणि अन्न व औषधें यांच्या शुद्धतेचा असे दोन कायदे तेथें अमलांत आणण्यासाठीं संमत झाले. कायदे झाले, परंतु मनांतील किल्मिष कायद्यानें एका दिवसांत धुऊन निघत नाहीं.

तें धुऊन काढण्याचें काम कॅन्सस राज्यांतील विचिटा या गांवीं झालें. तेथें वॉल्टर अँडरसन नांवाचा आचारी १९१६ पासून बर्गराचें लहानसें दुकान चालवीत होता. खिम्याचा जाड गोळा तव्यावर ठेवून तो वेळ लावून भाजीत बसण्याऐवजीं उलथण्यानें चेपून पातळ करावयाचा आणि कांद्याबरोबर झटपट भाजावयाचा, ही त्याची हातोटी होती. पुढें एडगर वॉल्डो इन्ग्राम या व्यापारी गृहस्थाशीं त्याची भागी जमली, आणि १९२१ मध्यें ७०० डॉलर कर्ज काढून दोघांनीं ‘व्हाइट कॅसल’ म्हणजे पांढरा किल्ला या नांवाचें दुकान उघडलें. नांव विचारपूर्वक निवडलें होतें. पांढरा रंग हें स्वच्छतेचें चिन्ह, आणि किल्ला हें भक्कमपणाचें. दुकानाची भिंत पांढरी, नोकरांचा पोषाख पांढरा, आणि सारा स्वयंपाक गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. ज्या पदार्थाविषयीं लोकांना शंका होती, तो पदार्थ शंका घेणाराच्या समक्ष तयार करावयाचा, हें त्या दुकानाचें खरें भांडवल होय.

या दुकानांतील बर्गर लहान होता आणि त्याची किंमत अवघे पांच सेंट होती. पुढें त्याची वडी चौकोनी झाली. चौकोनी कां? तव्यावर गोल वड्या मांडल्या तर त्यांच्यामध्यें जागा फुकट जाते. चौकोनी वड्या फरशीच्या लाद्यांप्रमाणें एकमेकींस लागून बसतात. वड्यांच्या खालीं बारीक चिरलेला कांदा पसरलेला असतो, आणि तव्याच्या उष्णतेनें कांद्यांतील पाण्याची जी वाफ निघते, तिनें त्या वड्या शिजतात. नंतरच्या काळांत प्रत्येक वडीस पांच भोकें पाडण्याची युक्ति निघाली. त्या भोकांतून वाफ वर चढते, वरची बाजूही शिजते, आणि वडी उलटण्याचें कारणच राहत नाहीं. वर ठेविलेला पाव त्याच वाफेनें मऊ होतो. एकेक बर्गर न घेतां पिशवीभर घेऊन जा, असा त्या दुकानाचा जाहिरातींतील पुकारा होता. आणि लोक खरोखरच पिशव्या भरून बर्गर घरीं नेऊं लागले. छोटा बर्गर आणि घरगुती बैठक यांची गांठ अशी पडली. पुढें घरोघरच्या गृहिणींनीं दुकानाची पिशवी बाजूस ठेवून दुकानाची युक्ति तेवढी उचलली.

या पदार्थांतील दुसरा घटक चीज. चीजबर्गर प्रथम कोणीं केला याविषयीं अमेरिकेंत अनेक गांवांचे दावे आहेत. कॅलिफोर्नियांतील पासाडेना येथें १९२० नंतरच्या दशकांत तो निघाला असें सांगतात. कोलोरॅडो राज्यांतील डेन्व्हर शहरच्या एका दुकानदारानें तर १९३५ मध्यें त्या नांवावर हक्क नोंदविण्याचा प्रयत्न केला होता. कोणाचा दावा खरा, यापेक्षां कोणतें चीज योग्य, हा प्रश्न घरच्या स्वयंपाकास अधिक उपयोगाचा आहे.

महिनोन्‌महिने मुरविलेलें चीज चवीस उत्तम असतें. परंतु तें जोरानें तापविलें कीं त्यांतील तूप सुटून वर तरंगतें आणि खालीं चिवट गोळा उरतो. याचें कारण असें. चीज म्हणजे दुधांतील केसीन नांवाच्या प्रथिनाचें जाळें. त्या जाळ्यांत स्निग्धांश आणि पाणी अडकलेलें असतें, आणि जाळ्याच्या गांठी कॅल्शियमनें बांधलेल्या असतात. उष्णतेनें जाळें आक्रसलें कीं स्निग्धांश बाहेर पिळला जातो. स्वित्झर्लंडमधील थून गांवच्या वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेट्लर या दोघांनीं १९११ मध्यें यावर तोड काढली. लिंबांत जें आम्ल असतें, त्याच आम्लाचा सोडियमशीं झालेला क्षार त्यांनीं चीजमध्यें मिसळून तें तापविलें. हा क्षार कॅल्शियमला बाजूस सारून त्याच्या जागीं सोडियम आणतो. गांठी सैल पडतात, प्रथिन पाण्यांत मिसळतें, आणि तें स्निग्धांशास धरून ठेवितें. असें चीज वितळलें तरी फुटत नाहीं, सायीसारखें एकजीव राहतें. अमेरिकेंत जेम्स क्राफ्ट यांनीं अशा प्रक्रिया केलेल्या चीजचें पेटंट १९१६ मध्यें मिळविलें. बाजारांत ज्या पातळ चौकोनी चकत्या मिळतात, त्या याच जातीच्या. चवीनें पाहणारे खवय्ये त्यांना नाक मुरडतात. पण बर्गरावर क्षणांत वितळून वडी आणि पाव यांना सांधण्याचें काम या चकत्यांइतकें चांगलें दुसरें कोणी करीत नाहीं. मुरविलेल्या चीजची चव हवीच असेल तर कोंवळें, थोडेच दिवस मुरलेलें चेडार घ्यावें; किंवा चकतीखालीं मुरलेल्या चीजचा थोडा कीस पसरावा.

तिसरा घटक पाव. आणि येथें या अमेरिकन पदार्थाचें गोवा आणि मुंबई यांच्याशीं दूरचें पण खरें नातें निघतें. घरगुती छोट्या बर्गरासाठीं अमेरिकेंत जो पाव फार वापरला जातो, त्यास हवाईचा पाव म्हणतात. हा किंचित गोड, मऊ आणि एकमेकांस चिकटलेल्या बारा लहान पावांच्या लादीच्या रूपानें मिळतो. त्याचें मूळ हवाईंतही नाहीं. ऊंसाच्या मळ्यांत काम करण्यासाठीं १८७८ पासून मदेरा आणि अझोर्स या बेटांवरील पोर्तुगीज मजूर हवाईंत येऊं लागले, आणि त्यांनीं आपला गोड पाव बरोबर आणला. १९५० मध्यें रॉबर्ट ताइरा या गृहस्थानें हवाईंतील हिलो गांवीं बेकरी उघडली. तेथील गोड पावाचा धंदा वाढत वाढत १९७७ मध्यें कॅलिफोर्नियांत पोंचला आणि तेथून देशभर पसरला. इकडे १५१० पासून गोव्यांत राज्य करणाऱ्या पोर्तुगीजांनीं आपल्या पावाची विद्या त्या भूमींत रुजविली, आणि ‘पाव’ हा शब्दही मराठींत त्यांच्याच भाषेंतून आला. मुंबईच्या बेकरींतील पावाची लादी आणि अमेरिकन घरांतील बारा पावांची लादी या अशा एकाच आजीच्या दोन नाती आहेत. साखर आणि लोणी यांच्या प्रमाणांत भेद आहे. पण लादी न मोडतां ती आडवी कापतां येते, हा जो गुण येथें हवा आहे, तो दोघींतही सारखाच आहे.

आतां प्रत्यक्ष कृति. छोटे बर्गर करण्याच्या दोन रीति आहेत. पहिली तव्यावरची. खिम्याचे पन्नास-पन्नास ग्रॅमचे गोळे करून ते चांगल्या तापलेल्या लोखंडी तव्यावर ठेवावयाचे आणि उलथण्यानें लगेच चेपावयाचे. या रीतीनें वडीच्या तळाशीं खमंग तांबूस कवच येतें. प्रथिनें आणि शर्करा यांच्या ज्या संयोगानें हा रंग व सुगंध उत्पन्न होतो, त्याचा शोध लुई कामीय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९१२ मध्यें प्रसिद्ध केला. ही क्रिया साधारण १४० अंश सेल्सियसच्या पुढें जोरानें चालते. आणि पृष्ठभाग ओला असेतों त्याचें तापमान शंभर अंशांपलीकडे जात नाहीं. म्हणून तवा कडक तापलेला आणि खिमा कोरडा असावा लागतो. चवीच्या दृष्टीनें ही रीति श्रेष्ठ. परंतु एका वेळीं तव्यावर चार-पांच वड्या मावतात, आणि पंचवीस बर्गर करावयाचे झाले कीं ज्या अडचणीपासून सुटका हवी होती, तीच पुनः समोर उभी राहते.

दुसरी रीति पसरट ट्रेमधून भट्टींत भाजण्याची. आणि बैठकीसाठीं हीच योग्य. बारा बर्गरांस सातशे ग्रॅम खिमा घ्यावा, म्हणजे प्रत्येकास सुमारें ५८ ग्रॅम येतो. खिम्यांत पांचवा हिस्सा चरबी असावी. त्याहून फार कमी असल्यास वडी कोरडी होते. दोन मध्यम कांदे अगदीं बारीक चिरून २३ सेंटिमीटर रुंद व ३३ सेंटिमीटर लांब अशा ट्रेच्या तळाशीं पसरावे. त्यावर खिम्याचा एकच अखंड थर हलक्या हातानें कडेपर्यंत पसरावा. तो सुमारें एक सेंटिमीटर जाडीचा होतो. हा थर पावाच्या लादीपेक्षां मोठा दिसला तरी चिंता करूं नये. मांसांतील तंतु तापल्यावर आक्रसतात, आणि शिजून झाल्यावर तो थर लादीच्या मापास उतरतो. लादीएवढाच थर आरंभीं केला, तर शेवटीं कडेच्या पावांच्या वांट्यास नुसताच पाव येतो.

मिठाविषयीं एक सावधगिरी बाळगावी. मीठ खिम्यांत आधीं घालून मळूं नये. मिठानें मांसांतील एक प्रथिन विरघळून चिकट होतें, तें कण एकमेकांस घट्ट बांधतें, आणि वडी भुसभुशीत न राहतां रबरासारखी होते. म्हणून थर पसरून झाल्यावर, भट्टींत घालण्याच्या अगदीं आधीं, एक चहाचा चमचा मीठ आणि थोडी मिरपूड वरून भुरभुरावी. नंतर काट्यानें किंवा चमच्याच्या दांड्यानें थरास जागोजाग भोकें पाडावीं. विचिटाच्या परंपरेंतील ती युक्ति येथें उपयोगी पडते. कांद्याची वाफ त्या भोकांतून वर येते आणि थर उलटावा लागत नाहीं.

भट्टी आधीं दोनशे अंश सेल्सियसपर्यंत तापवून ठेवावी आणि ट्रे तींत पंधरा ते अठरा मिनिटें ठेवावा. तेवढ्या वेळांत पावाची लादी न सोडवितां लांब सुरीनें आडवी कापावी, म्हणजे खालची एक पोळी आणि वरची एक पोळी अशा दोन पोळ्या होतात. कापलेल्या बाजूंस लोणी लावून त्या किंचित भाजून घ्याव्या. नाहींतर मांसाच्या रसानें खालचा पाव भिजून त्याचा लगदा होतो. थर शिजला कीं ट्रे सांभाळून कलता करून सुटलेली चरबी एका भांड्यांत ओतून टाकावी. नंतर चीजच्या चकत्या थरावर कडेला कड लावून मांडाव्या. दोन रुंद उलथण्यांच्या आधारें, तळाच्या कांद्यासकट, तो थर खालच्या पोळीवर सरकवावा. व्हिनेगरांत मुरविलेल्या काकडीच्या चकत्या आणि थोडी मोहरीची चटणी त्यावर घालावी. चरबी, चीज आणि लोणी हे तिन्ही जड. त्यांचें तोंडांत साठणारें जडपण या आंबटपणानें मोडतें, म्हणून काकडी ही केवळ सजावट समजूं नये. वरची पोळी ठेवून तिला लोणी फांसावें, सारें धातूच्या पातळ कागदानें झांकावें आणि १८० अंशांच्या भट्टींत पांच मिनिटें ठेवावें. बाहेर काढून पावांच्या जोडांवरून सुरी फिरविली कीं बारा बर्गर एकाच क्षणीं तयार होतात. सर्व गरम, सर्व सारखे, आणि कोणाचाही आधीं नाहीं कीं मागून नाहीं.

येथें लहानपणाचें, किंबहुना पातळपणाचें, एक गणित लक्षांत घेण्यासारखें आहे. उष्णता पदार्थांत पृष्ठभागाकडून मध्याकडे जाते, आणि तिला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. जाडी दुप्पट केली तर वेळ दुप्पट नव्हे, जवळजवळ चौपट लागतो. म्हणून जाड बर्गर बाहेरून करपतो तरी आंत कच्चा राहतो; आणि एक सेंटिमीटरचा थर मात्र मध्यापर्यंत सहज शिजतो. खिम्याच्या बाबतींत ही सोयीची गोष्ट आहे इतकेंच नव्हे, ती जिवाची गोष्ट आहे.

मांसाच्या अखंड तुकड्यावर रोगजंतु असले तर ते बहुधा पृष्ठभागावर असतात, आणि पृष्ठभाग भाजला कीं मरतात. खिमा करतांना मात्र तोच पृष्ठभाग दळला जाऊन आंत मिसळतो. जें बाहेर होतें तें मध्यें जाऊन बसतें. १९९३ च्या आरंभीं अमेरिकेच्या पश्चिम भागांत एका उपाहारगृह-मालिकेचे अपुरे शिजलेले बर्गर खाऊन सातशेंहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुलें दगावलीं. ‘ई. कोलाय’ या जातीच्या जिवाणूंपैकीं एका घातक प्रकारानें तो अनर्थ घडविला. हा जिवाणु आंतड्यांत विष निर्माण करतो, आणि लहान मुलांचीं मूत्रपिंडें त्या विषानें निकामी होऊं शकतात. त्यानंतर १९९४ मध्यें अमेरिकन सरकारनें असा जिवाणु असलेला कच्चा खिमा कायद्यानें दूषित ठरविला.

घरच्या स्वयंपाकास यांतून एक नियम मिळतो. खिमा मध्यापर्यंत ७१ अंश सेल्सियस तापला पाहिजे. कोंबडीचा खिमा असेल तर ७४ अंश. हें तापमान रंगावरून ओळखूं पाहणें धोक्याचें आहे, कारण कांहीं खिमा पुरेसा तापण्यापूर्वींच तपकिरी होतो, तर कांहीं पुरता शिजूनही गुलाबी राहतो. स्वयंपाकासाठीं मिळणारा काडीसारखा तापमापक थराच्या मध्यांत, दोन-तीन ठिकाणीं, आडवा खुपसून पाहावा. कच्च्या खिम्यास लागलेले हात, सुरी आणि पाट साबणानें धुतल्यावांचून त्यांचा स्पर्श पावास किंवा काकडीस होऊं देऊं नये. आणि बैठक कितीही लांबली तरी तयार बर्गर दोन तासांहून अधिक वेळ उघड्यावर ठेवूं नयेत. अंगणांतील हवा ३२ अंशांहून उष्ण असेल तर एका तासाहून अधिक नको. व्हाइट कॅसलच्या पांढऱ्या भिंतींनीं गिऱ्हाइकास जी खात्री दिली, तीच खात्री घरीं यजमानास आपल्या पाहुण्यांना द्यावयाची असते. फरक एवढाच कीं येथें कोणी पाहत नसतांही ती पाळावयाची असते. पाहुणे विश्वासानें खातात. त्यांतील मुलें तर विचारीतही नाहींत.

अमेरिकेंत हा खिमा प्रायः गोमांसाचा असतो. महाराष्ट्रांत गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीसही २०१५ पासून कायद्यानें बंदी आहे, आणि अनेक घरांत तें मांस धर्मानें वर्ज्यच आहे. परंतु वर सांगितलेली पद्धति एका मांसास बांधलेली नाहीं. जीं घरें मांसाहारी आहेत त्यांना ती कोंबडीच्या किंवा बोकडाच्या खिम्यासही लावतां येते. कोंबडीच्या खिम्यांत चरबी कमी असते, यास्तव त्यांत दोन चमचे लोणी किंवा तेल मिसळावें आणि कांदा थोडा अधिक घ्यावा. ७४ अंशांचा नियम मात्र विसरूं नये.

शेवटीं कामाच्या वांटणीविषयीं. मोठ्या माणसास दोन ते तीन आणि मुलास एक ते दोन, असा हिशेब धरिला तर दहाजणांच्या बैठकीस दोन लाद्या, म्हणजे चोवीस बर्गर, सामान्यतः पुरतात. कांदा चिरणें, काकडीच्या चकत्या करणें, चीज मांडून ठेवणें, ट्रेमध्यें थर पसरून तो झांकून शीतकपाटांत ठेवणें, हीं सारीं कामें पाहुणे येण्यापूर्वीं दोन-तीन तास आधीं होऊं शकतात. मीठ तेवढें मागाहून. मंडळी आली, बसली, कुशल प्रश्न झाले कीं ट्रे भट्टींत घालावा. त्यापुढील पंधरा मिनिटें भट्टी काम करीत असते, आणि तिला कोणाच्या सोबतीची गरज नसते. मध्यें पांच मिनिटें उठावें, चीज आणि पाव यांची मांडणी करावी, आणि पुनः येऊन बसावें. दुसरी लादी पहिलीच्या मागोमाग भट्टींत घातली कीं उशिरां येणाऱ्यालाही गरम घांस मिळतो.

एवढ्या सर्व खटाटोपांत बारा वेळां उलथणें फिरविण्याचें काम एकदां सुरी फिरविण्यावर आलें, हेंच काय तें साधलें. परंतु घरच्या माणसाच्या दृष्टीनें तें थोडें नाहीं. ट्रे मधोमध ठेविला जातो, ज्यास हवा तो हातानें उचलून घेतो, मुलें दुसऱ्यासाठीं हात पुढें करितात. आणि ज्यानें तो केला त्याच्याही हातांत, इतरांच्या बरोबरीनें, एक गरम बर्गर असतो.